नदीप्रवासातील सूचना आणि अनुभव : ऱ्हाईन व डॅन्यूबवरील प्रवासलेखनासंबंधी

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने एक भेद फार पूर्वीच गृहीत धरलेला आहे. प्रवाशाने काय पाहिले आणि ते पाहून त्याच्या मनात काय उमटले, ते वाङ्मय. त्याने कोणत्या महिन्यात प्रयाण केले, सामान किती नेले, खोली कोणत्या मजल्यावर घेतली, ती माहिती. पहिल्याचा आस्वाद घ्यावयाचा, दुसऱ्याचा उपयोग करून ते विसरावयाचे. प्रस्तुत लेखकही वर्गात हा वाङ्मयप्रकार शिकविताना अनेक वर्षे हेच सांगत आला आहे. प्रवासवर्णनातून सूचना गाळा म्हणजे जे उरेल ते साहित्य, असे एक सोपे सूत्रही मी विद्यार्थ्यांना दिले होते. अलीकडे युरोपातील नद्यांवर बोटीने आठ-पंधरा दिवस हिंडून आलेल्या प्रवाशांचे लेखन पुष्कळ वाचनात आले. त्यात मराठी प्रवाशांचेही लेखन आहे. ते वाचीत असता हे सूत्र उलटे करावे लागते की काय, अशी शंका मला येऊ लागली. या लेखनात अनुभव म्हणून जे दिलेले असते ते बहुधा उसने असते. आणि सूचना म्हणून जे दिलेले असते त्यातच नदी भेटते.

या लेखनाची कुळकथा पाहिली तर सूचना हाच त्याचा मूळ पुरुष असल्याचे आढळेल. ऱ्हाईनवर कोलोन ते माइन्त्स अशी वाफेच्या बोटींची नियमित वाहतूक १८२७ मध्ये सुरू झाली आणि लगेच १८२८ मध्ये क्लाइन नावाच्या प्राध्यापकाचे माइन्त्स ते कोलोन या ऱ्हाईनप्रवासावरील पुस्तक कोब्लेंट्स येथे निघाले. ‘घाईच्या प्रवाशांसाठी हस्तपुस्तक’ असे त्याचे उपशीर्षक होते. ते काढणारी प्रकाशनसंस्था पुढे कार्ल बेडेकर याने घेतली, व १८३५ मध्ये त्याने या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढली. बेडेकर हे नाव पुढे मार्गदर्शिकेचे सामान्यनामच होऊन बसले, त्याचा उगम हा असा एका नदीवर आहे. लंडनच्या मरे यांचे हस्तपुस्तकही १८३६ चेच, आणि त्यातही ऱ्हाईनकाठचा मार्ग आहे. बोट आली, तिच्यामागून घाई आली आणि घाईबरोबर सूचना आली.

या सूचनांच्या शेजारी दुसरी एक परंपरा वाढत होती. बायरनने १८१६ मध्ये ऱ्हाईनवर कविता रचली, हायनेची लोरेलाय १८२४ मध्ये आली आणि ह्यूगोचा ‘ऱ्हाईन’ हा ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज बोटीवरून जाणारा प्रवासी आपला अनुभव म्हणून जे लिहितो, ते या मंडळींच्या पुंजीतून आलेले असते, आणि तेही त्यांची नावे ठाऊक नसताना. लोरेलायचा कडा पाण्यापासून सुमारे १३२ मीटर उंच आहे. बोट त्याखाली आली की ध्वनिक्षेपकावर गाणे लागते, प्रवासी डेकवर गोळा होतात, आणि वर्णनात ‘गूढ’, ‘मोहक’ ही विशेषणे ओळीने येतात. नदी येथे अरुंद होऊन वळते, समोरून येणारे जहाज दिसत नाही, म्हणून काठावरून इशाऱ्याचे दिवे दाखवून वाहतूक सांभाळली जाते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. वास्तविक त्या दंतकथेतील नावाडी ज्या धोक्याने बुडाला तोच हा धोका; तो अजून तेथे आहे आणि त्याच्यावर दिवे लावलेले आहेत. डॅन्यूबची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १८६७ च्या एका वॉल्ट्झने तिला निळी ठरविल्यापासून प्रवासी ती निळी आहे किंवा निळी नाही, एवढेच लिहितो. आपल्या डोळ्यांना कोणता रंग दिसला, हे सांगणारे वाक्य शोधून काढावे लागते.

या दोन परंपरांची गाठ एका ठिकाणी अशी पडते की, सबंध प्रश्न तेथेच तपासता येतो. ते ठिकाण म्हणजे मध्य ऱ्हाईनवरील काउब हे लहानसे गाव. गावासमोर नदीच्या मध्यभागी एका खडकावर फाल्त्सग्राफेनश्टाइन हा चौदाव्या शतकातील जकातीचा किल्ला उभा आहे. ह्यूगोने त्याला दगडी जहाजाची उपमा दिली. ती इतकी चपखल होती की पुढे कोणाला दुसरी सुचली नाही. वर्णनामागून वर्णन वाचावे, तो किल्ला जहाजासारखाच दिसतो. उपमा नव्याने सुचली असती तर तक्रार नव्हती. परंतु पाहण्याच्या आधीच ती तयार असल्यामुळे पाहण्याचे काम तिने संपविलेले असते.

याच काउब येथे पाण्याची पातळी मोजणारे एक मापक आहे. सूचना देणारा प्रवासी किल्ल्याविषयी एखादे वाक्य लिहितो. मापकाविषयी मात्र परिच्छेद लिहितो. निघण्यापूर्वी महिनाभर काउबचा आकडा पाहत जा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात पाणी उतरलेले असण्याचा संभव अधिक, तेव्हा ते महिने घ्यावयाचे तर मनाची तयारी ठेवून घ्या. आकडा उतरला म्हणून घाबरू नका, कारण तो आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ही शेवटची सूचना मला फार मोलाची वाटते. काउबच्या मापकावर ७८ सेंटिमीटर असतात तेव्हा बोटींच्या वाटेत सुमारे १.९० मीटर पाणी असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरवर आला. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला वाटावे, नदी घोट्याएवढी उरली. प्रत्यक्षात वाटेवर १.३७ मीटरच्या आसपास पाणी होते. पण प्रवासी बोटीचा तळ दीड मीटरच्या आसपास पाण्याखाली असतो. बोट आणि नदी यांच्यातील सगळा व्यवहार असा वितीच्या मापाने चालतो, हे ज्याला एकदा समजले त्याला नदी वेगळी दिसू लागते. तिला तळ आहे, तो सारखा नाही, आणि आपण त्याच्यावरून थोडक्या अंतराने सरकत आहो, ही जाणीव वर्णनाच्या परिच्छेदात कधी येत नाही. ती येते सूचनेत.

त्याच वर्षी, आणि पुन्हा २०२२ च्या ऑगस्टात, पाणी इतके हटले की काउबच्या काठावरून लोक त्या किल्ल्यापर्यंत कोरड्या पायांनी चालत गेले. दगडी जहाज जमिनीला लागले. उपमा जपून ठेवणाऱ्या लेखकांपैकी एकालाही ही गोष्ट उपयोगी पडलेली माझ्या पाहण्यात नाही. ‘आमची बोट पुढे जाणार नाही असे सांगून आम्हांला बसमध्ये बसविले’ असे चिडून लिहिणाऱ्यांनी मात्र ती टिपली आहे. बोट उथळ भागाच्या अलीकडे थांबते, प्रवासी सामानासह बसने पलीकडे जातात आणि तेथे तशाच दुसऱ्या बोटीत चढतात, ही आता रूढ झालेली तोड आहे. दोन्ही बोटींवर खोलीचा क्रमांक तोच, पलंग तोच, खिडकी तीच. बदललेली असते फक्त नदी. एरवी ज्या लेखकाची वाक्ये विशेषणांनी सुजलेली असतात, त्याचीच वाक्ये या प्रसंगी आखूड, नेमकी आणि कोरडी होतात. रागाने त्याची शैली सुधारते, असे म्हटले तर ते केवळ विनोदाने घेऊ नये.

उलट बाजूचा प्रसंग महापुराचा. पाणी चढले की बोट पुलाखालून जाऊ शकत नाही. जून २०१३ मध्ये पासाऊ येथे डॅन्यूब १२.८९ मीटरपर्यंत चढली. १५०१ नंतर इतके पाणी तेथे आले नव्हते. सप्टेंबर २०२४ च्या पुरात बोटी व्हिएन्नाला अडकून पडल्या. पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा वर्षांसह केलेल्या आहेत. तेथे थांबून आपल्या उंचीशी त्या ताडून पाहा, अशी एक सूचना माझ्या वाचनात आली. गावातील प्रसिद्ध ऑर्गनवर लिहिलेल्या अनेक पानांपेक्षा ती मला अधिक काही देऊन गेली.

लॉकविषयीही असेच म्हणता येईल. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधील कोठी. तीत पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेतात. माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्यावर अशी सोळा लॉक आहेत, त्यांतील काही एका वेळी सुमारे २५ मीटर चढवितात, आणि कालव्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे. बोट डोंगर चढते ही केवढी थोरली गोष्ट. परंतु वर्णनकारांना ती रुक्ष वाटते, आणि पुष्कळदा ती रात्री घडत असल्याने ते झोपलेलेही असतात. सूचनाकार मात्र सांगतो की, खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त पडते, पण तिची खिडकी उघडत नाही आणि ती पाण्याच्या जवळ असते. लॉकमध्ये तिच्यातून हातभर अंतरावर शेवाळलेली ओली भिंत दिसेल. कालव्यावरील पूल ठेंगणे आहेत, तेव्हा वरचा डेक बंद राहील, छत्र्या व कठडे आडवे केले जातील आणि कप्तानाची कोठीसुद्धा खाली उतरविली जाईल. बारा मीटर रुंदीच्या लॉकमध्ये साडेअकरा मीटरांची बोट घालतात, हे वाचल्यावर ती ओली भिंत इतकी जवळ का, हेही कळते.

येथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. धक्क्यांवर जागा कमी आणि बोटी फार, म्हणून त्या एकीला एक लागून उभ्या राहतात. काठावर जाण्यासाठी शेजारच्या बोटींतून जावे लागते. ही सूचना मी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. व्हिएन्नाच्या धक्क्यावर सकाळी पडदा सारला, तो डॅन्यूबऐवजी समोर दुसरी खिडकी, आणि तीत एक वृद्ध बाई केस विंचरीत होत्या. दोघांनीही एकदमच पडदे ओढले. त्या सहलीतील माझा स्वतःचा म्हणता येईल असा अनुभव हा एकच. तो सूचनेच्या सदरात आधीच छापलेला होता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि सूचनाकाराची बाजू घेताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. जेवण, मद्य, कपडे यांविषयीच्या सूचना पुनरुक्तीने भरलेल्या असतात. त्या सोडून द्याव्या. अधिक गंभीर दोष माणसांविषयीचा आहे. बोट चालविणारे, खोल्या झाडणारे, सामान उचलणारे लोक या लेखनात एकाच ठिकाणी येतात, ते बक्षिशीच्या परिच्छेदात. प्रत्येक दिवसाला प्रत्येक प्रवाशामागे किती द्यावे, हा हिशेब झाला की ते पुन्हा दिसेनासे होतात. सात दिवस ज्याने रोज दार ठोठावले त्याचे गाव कोणते, हे विचारावे, अशी सूचना मला कोठे आढळली नाही.

दुसरा दोष सूचनेच्या स्वभावातच आहे. जे आहे तेवढेच ती दाखविते. डॅन्यूबच्या लोखंडी दरवाजा नावाच्या खिंडीत सर्बियाच्या काठावर ट्राजन बादशहाचा शिलालेख आहे, रुमानियाच्या काठावर १९९४ ते २००४ या काळात कोरलेले डेकेबालसचे प्रचंड मुख आहे; कोणत्या बाजूस उभे राहावे हे सूचनाकार अचूक सांगतो. परंतु येथील पाणी इतके संथ का, हा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने ही खिंड तुंबविली. शिलालेख उचलून वर बसविला गेला. तुर्की वस्तीचे अदा काले हे बेट मात्र पाण्याखाली गेले आणि तेथील माणसे पांगली. प्रवासी ज्या भागाला ‘सर्वांत शांत पट्टा’ म्हणून वाखाणतो, त्याच्याच तळाशी एक गाव आहे. वर्णनकार आणि सूचनाकार दोघेही तेथून सारखेच निश्चिंत जातात. क्लाउडिओ माग्रिस याचा ‘डॅन्यूब’ (१९८६) हा ग्रंथ या बाबतीत दोघांनाही मागे टाकतो. परंतु तो बोटीच्या वेळापत्रकाला बांधलेला नव्हता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

बुडालेले कधी वर येते ते पाणी उतरल्यावरच. २०२२ च्या अवर्षणात सर्बियातील प्राहोवोजवळ, १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी स्वतःच बुडविलेली जहाजे उघडी पडली; त्यांच्यामुळे वाट अरुंद झाली, आणि त्यांवर स्फोटके असल्यामुळे जाणाऱ्या बोटींना धोका उत्पन्न झाला. इतिहास येथे सूचनेच्या रूपानेच प्रवाशाला भेटला. एल्बे नदीत तर ही पद्धत जुनीच आहे. बोहेमियातील डेचिन येथे पात्रात एक दगड आहे. अवर्षणाची वर्षे त्यावर कोरलेली असून आज वाचता येणाऱ्यांपैकी सर्वांत जुने वर्ष १६१६ आहे, आणि मला पाहणाऱ्याने रडावे अशा अर्थाची एक ओळही त्यावर आहे. एल्बेवर सहलीच्या बोटी चालतात, पण पाण्याच्या बाबतीत ती ऱ्हाईनहून लहरी. हा दगड पाण्याबाहेर येतो तेव्हा बोटी पुष्कळदा बंद असतात, आणि बोटी चालतात तेव्हा तो पुष्कळदा पाण्याखाली असतो. ज्या सहलीकरूंना तो पाहावयास मिळतो, ते पुष्कळदा बोट सोडून बसमध्ये बसविलेलेच असतात.