नकार, संप आणि 'अत्यावश्यक' माणूस

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारला आहे की त्याची धार बोथट होत चालली आहे. देवाला नकार, धर्मग्रंथाला नकार, वर्णव्यवस्थेला नकार. हे सारे नकार शब्दांनी दिलेले आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु हातांनी दिलेल्या नकाराचे काय? झाडू खाली ठेवला, डोक्यावरची पाटी उतरवली, 'आज काम करणार नाही' म्हटले, तर हा नकार आपल्या समीक्षेत कुठे बसतो? तो आपण युनियनच्या पत्रकांवर सोडून दिला. माझ्या मते ही आपल्या समीक्षेची मोठी चूक आहे.

माझे वडील सोनगीरहून पहाटेच्या एसटीने शेजारच्या एका शहरात जात आणि तिथल्या पालिकेत रोजंदारीवर झाडू मारत. मी सातवीत असताना त्यांना चार महिने पगार मिळाला नव्हता. सगळ्यांनी मिळून तीन दिवस काम बंद ठेवले. चौथ्या दिवशी घरी कागद आला. वडिलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी वाचून दाखवला. स्वच्छता ही अत्यावश्यक सेवा असल्याने तात्काळ हजर व्हावे, अन्यथा कारवाई होईल, असा त्याचा आशय होता. वडील हसले आणि म्हणाले, "मंग पगारना येळले आपन अत्यावश्यक कसाले नही?"

पुढे मी एम.ए. झालो, समीक्षेची बरीच पुस्तके वाचली. पण एखाद्या शब्दाची इतकी नेमकी समीक्षा मला क्वचितच आढळली. 'अत्यावश्यक' हे विशेषण कामाला लागते, माणसाला लागत नाही. माणूस काम करीत असतो तेव्हा तो रोजंदार, कंत्राटी, बदली असतो. काम थांबवले की त्याच क्षणी तो अत्यावश्यक होतो, आणि तेही शिक्षेपुरता.

ही भाषा नवी नाही. महार वतन ही गावगाड्याची अत्यावश्यक सेवाच होती. रात्री-बेरात्री हाक आली की जायचे. बाप घरी नसेल तर मुलाने जायचे. मोबदला मात्र मूठभर बलुते आणि वतनाचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात मांडले, ते ही सक्ती मोडण्यासाठी. गावाबाहेर, शहरातही तेच होते. १९१६ च्या संयुक्त प्रांताच्या नगरपालिका कायद्यात परंपरागत भंग्याने काम टाळले तर त्याला दंडाची तरतूद होती. म्हणजे जातीने लादलेले काम सोडणे हा गुन्हा.

या पार्श्वभूमीवर १५ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी केलेले भाषण वाचावे. खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले होते. ठरावीक पायऱ्या न ओलांडता केलेला संप त्यात बेकायदा ठरत होता आणि त्यासाठी शिक्षा होती. बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. संप हा फार तर कराराचा भंग आहे, तो दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे याला गुलामगिरी म्हणतात. म्हणून संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क. आमच्या सोनगीरच्या तांबटाला भाव परवडला नाही तर तो हातोडा खाली ठेवतो. त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. मग झाडू खाली ठेवणारा गुन्हेगार कसा? विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, आपल्या खानदेशच्या उंबरठ्यावर मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. दलित साहित्यातील नकाराची परंपरा शोधताना आपण या भाषणापाशी का थांबत नाही?

कायद्याची भाषा पुढे अधिक चतुर झाली. मुंबई महापालिकेत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन'. कामगार नाही म्हणजे मालक नाही, आणि मालक नाही म्हणजे वाटाघाटी कोणाशी? कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगार कायम करून घेतले. एका शब्दाचा खोटेपणा सिद्ध करायला इतकी वर्षे लागली.

अंगणवाडीच्या बायांनाही असेच 'मानधन' आहे. त्यांनी २०१७ मध्ये सव्वीस दिवस संप केला, तेव्हा २०१८ च्या मार्चमध्ये त्यांच्यावर 'मेस्मा' लावण्यात आला. पगार मागताना सेविका आणि संप करताना अत्यावश्यक! परंतु यावेळी विधानसभेत सत्तेतल्या मित्रपक्षाचे आमदारही विरोधकांबरोबर उठले आणि मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. आमदारांना आपले शब्द द्यावे लागतात, तेव्हा कुठे सभागृह बोलते, हे या बायांनी दाखवून दिले.

आता माझा स्वतःचा हिशेब. १४ मार्च २०२३ रोजी जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांपैकी मी एक, म्हणून मीही धुळ्याच्या मोर्चात होतो. त्याच दिवशी 'मेस्मा'चे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झाले. १९३८ मध्ये निदान भाषण झाले होते. आता त्याचीही गरज उरली नाही. आम्ही संतापलो. आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मीच लिहिला. भाषा चांगली म्हणून माझ्यावर ते काम आले होते.

मोर्चा पांगल्यावर रस्त्यावर पडलेले कागदी पेले आणि पत्रके दोन कंत्राटी सफाई कामगार गोळा करीत होते. त्यांना पेन्शन कुठली, भविष्यनिर्वाह निधीही नव्हता. संप केला असता तर दुसऱ्या दिवशी काम गेले असते. मी खिशातली निवेदनाची प्रत काढून वाचली. तीत त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. माझ्या वडिलांच्या मुलाने लिहिलेल्या निवेदनात नव्हती.

आपल्यातला शिकलेला माणूस पांढरपेशा होतो म्हणजे काय होते, हे मला त्या रस्त्यावर कळले. तो विद्रोहावर लेख लिहितो आणि निवेदनातून झाडू वगळतो. आपल्या समीक्षेतही हेच झाले आहे. आत्मकथनांतला झाडूवाला आपल्याला वेदनेचे प्रतीक म्हणून हवा असतो. वाटाघाटीच्या टेबलावर समोरासमोर बसणारा माणूस म्हणून नको असतो.

म्हणून माझे म्हणणे असे. विधेयके, अधिसूचना, नोटिसा हेही आपल्या समीक्षेचे विषय आहेत, कारण त्यांत आपली माणसे शब्दांनी बांधली जातात. आणि कायम नोकरीतल्या आपल्या संघटना आमदाराकडे जातील तेव्हा कंत्राटी माणसाची मागणी यादीच्या शेवटी नव्हे, पहिल्या क्रमांकावर असली पाहिजे. ज्याला नकार देण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या नकाराचे रक्षण आधी झाले पाहिजे. मी तो मसुदा पुन्हा लिहिला आहे. संघटनेच्या पुढच्या बैठकीत तो मांडणार आहे. तिथे मला विरोध होईल, याची मला कल्पना आहे.