चित्र चकचकीत, नजर उसनी

म्युझिक व्हिडिओचे दिवस गेले, ही चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींची आवडती तक्रार आहे. ‘मेड इन इंडिया’ आठवा, ‘ओ सनम’ आठवा आणि मग आजची तीस सेकंदांची रील बघा, एवढं म्हटलं की निकाल लागला. तक्रारीत तथ्य नाही असं नाही. पण ती बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातून केली जाते. पांढुर्णा आणि सौसर इथे उभं राहून तीच तक्रार तपासली, तर हिशेब वेगळा निघतो.

हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. घरातली बोली नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीची भाषा हिंदी, शेजाराला गोंडी आणि पवारी. राजधानी भोपाळ, पण मोठा बाजार, मोठा दवाखाना आणि लग्नाची खरेदी म्हटलं की पाय वळतात नागपूरकडे. मुंबईच्या मराठी वाहिनीला हा प्रेक्षक परराज्यातला वाटतो आणि भोपाळच्या हिशेबात तो हिंदीत मोडतो. म्हणजे गाण्याच्या व्हिडिओचा सुवर्णकाळ असेल तर तो इथल्या लोकांनी पाहिला, पण त्यात ते कधी दिसले नाहीत.

त्या सुवर्णकाळाची लांबीही एकदा मोजून घ्यावी. अमेरिकेत १९८१ साली एमटीव्ही सुरू झालं, १९८३च्या अखेरीस मायकेल जॅक्सनचा जवळजवळ चौदा मिनिटांचा ‘थ्रिलर’ आला आणि गाण्याचा व्हिडिओ ही स्वतंत्र कला आहे हे जगाला पटलं. आपल्याकडे तोवर गाणं दिसायचं ते सिनेमातलं. ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ त्यावरच चालले. सिनेमाबाहेरच्या गाण्याला चेहरा मिळाला तो उपग्रह वाहिन्या आल्यावर. १९९४ साली चॅनल व्ही आलं, १९९६ साली एमटीव्ही इंडिया. १९९५ साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’, १९९६ साली लकी अलीचं पिरॅमिडांच्या सावलीत चित्रित झालेलं ‘ओ सनम’, २००० साली ‘पिया बसंती’. २००२ साली ‘कांटा लगा’ आलं आणि जुन्या गाण्याला नवे कपडे घालण्याची लाट उसळली. पुढच्याच वर्षी एमटीव्हीवर ‘रोडीज’ सुरू झालं आणि संगीताच्या वाहिनीवरून संगीत हळूहळू बाहेर पडलं. चॅनल व्ही २०१८ साली बंद झालं. म्हणजे ज्याच्या नावाने हळहळ चालते तो काळ जेमतेम सात-आठ वर्षांचा.

तो काळ इतका सरस का वाटतो, याचं कारण कलेइतकंच व्यवहारात आहे. व्हिडिओ ही कॅसेटची जाहिरात होती. कंपनी पैसा घालायची, वाहिनी दाखवायची आणि प्रेक्षक दुकानात जाऊन कॅसेट घ्यायचा. वाहिनीवरची जागा मोजकी, त्यामुळे व्हिडिओ उठून दिसणं ही गरज होती आणि उठून दिसायचं तर दिग्दर्शक लागायचा. केन घोष, प्रदीप सरकार, राधिका राव आणि विनय सप्रू ही मंडळी व्हिडिओंतून पुढे सिनेमात गेली. कॅसेट आणि सीडी विकणं थांबलं तेव्हा या साखळीतली पहिली कडी तुटली ती दिग्दर्शकाची. गायक राहिला, संगीतकार राहिला, नाचणारे तर वाढलेच. पण या गाण्याकडे बघायचं कसं, हे ठरवणारा माणूस खर्चाच्या यादीतून आधी गळला.

मराठीला या सुवर्णकाळात फारसा वाटा मिळालाच नाही. पहिली मराठी संगीत वाहिनी, नाइन एक्स झकास, आली २०११ साली. तोवर यूट्यूब घरात शिरू लागलं होतं. मधली जागा भरून काढली व्हीसीडीने. कोळीगीतं, भीमगीतं, विठ्ठलाची आणि देवीची गाणी, लावण्या. गाणं अनेकदा दमदार असायचं आणि चित्र त्याच्या जवळपासही फिरकत नसे: एक बाग, चार नर्तिका, देवळाच्या पायऱ्या, हात जोडलेला गायक. सौसरच्या आठवडी बाजारातून नेलेली व्हीसीडी लोकांनी झिजेपर्यंत लावली ती आवाजासाठी. तेव्हा दर्जा घसरला म्हणणाऱ्याने आधी सांगावं, कुठून घसरला? ‘पिया बसंती’पासून मोजलं तर उतार दिसतो. व्हीसीडीपासून मोजलं तर चढच दिसेल.

हा चढ डोळ्यांना दिसतो. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कॅमेरा खेड्यात पोचला. पोचला तो लग्नाच्या वाटेने. इथे गाण्याचं शूटिंग करतो तो बहुधा लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफरच. कॅमेरा तोच, ड्रोन तोच, संकलनाचा संगणकही तोच. आता लग्नाआधी प्री-वेडिंग करायची रीत रुळली आहे: जोडपं धरणाच्या काठाला जातं, एखाद्या हिंदी गाण्यावर चालतं, हसतं, धूर सोडतं, आणि ती फीत स्वागत समारंभात मोठ्या पडद्यावर लागते. आज पांढुर्ण्यात सगळ्यांत गंभीरपणे केला जाणारा म्युझिक व्हिडिओ कोणता, असं विचारलं तर माझं उत्तर प्री-वेडिंग हेच आहे. त्याला निर्माता आहे, बजेट आहे, दोन नायक आहेत, आणि एकही माणूस मध्येच उठून जाणार नाही असा प्रेक्षक आहे. व्हिडिओचं महत्त्व कमी झालं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते महत्त्व वाहिनीवरून उतरून मंडपात गेलं आहे.

तोटा दुसरीकडे आहे. प्री-वेडिंगची शैली स्थानिक गाण्यांच्या अंगात भिनली आहे. प्रेमगीत असो की विरहगीत, चित्र एकच: मंद गतीत उडणारी ओढणी, भाड्याची बुलेट, मावळतीचा सूर्य, वरून घेतलेलं पाणी. फोटोग्राफरला दोष देण्यात अर्थ नाही. दोन माणसं सुंदर दिसावीत हे त्याचं काम आणि तो ते चोख करतो. पण गाण्याला सुंदर दिसण्यापलीकडे काही म्हणायचं असतं. रुसवा, मस्करी, भूक, नवस, शेतातलं भांडण यांना मावळतीचा एकच सूर्य पुरत नाही.

दुसरा प्रकार आहे तो डीजेच्या गाण्यांचा, आणि गोंडी, मराठी, हिंदी सगळं त्यात एकत्र वाजतं. यातल्या कित्येक गाण्यांना यूट्यूबवर चित्रच नसतं. डीजेचं नाव, एक स्थिर चित्र, खालीवर होणाऱ्या रेघा, एवढंच. गाणं गाडीवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरसाठी घडवलेलं आहे. ते वरातीत छातीवर आदळायचं आहे, बघायचं नाही. इथे व्हिडिओ घसरला असं म्हणता येत नाही, कारण तो कुणी मागितलेलाच नाही.

तिसरा प्रकार समीक्षक मोजतच नाहीत: खंजिरी भजनाच्या फिती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागात खोल रुजली आहे. गावोगाव भजन मंडळं आहेत, त्यांच्या स्पर्धा होतात आणि कुणीतरी समोर मोबाइल धरून सगळं टिपतं. कॅमेरा हलत नाही, उजेड कसाही, मागे कुणाचं लेकरू रडतं. पण भजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण ऐकू येतं, खंजिरीवरची बोटं दिसतात, मुख्य गायकाने ओळ टाकल्यावर मागचे कशी उचलतात हे दिसतं. कला म्हणून या फिती कच्च्या आहेत. तरी गाणारी माणसं कोण आणि कुठली, हे त्या सांगतात, आणि तेवढं चकचकीत प्रेमगीतांना साधलेलं नाही.

आता रीलकडे येऊ, कारण खरा राग तिच्यावर आहे. २०२३ साली ‘महाराष्ट्र शाहीर’मधल्या ‘बहरला हा मधुमास’वर लोकांनी घराच्या गच्चीपासून परदेशातल्या चौकांपर्यंत नाच केला. २०२४ साली जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि मराठी गाणं भाषेचं कुंपण ओलांडून गेलं. त्या गाण्याचा विषयच मोठा बोलका आहे: नटलेली मुलगी प्रियकराला फोटो काढायला सांगते. ज्या गाण्यात फोटो काढून घेणं हाच प्रसंग आहे, त्याचा मूळ व्हिडिओ हा असंख्य व्हिडिओंचा फक्त पहिला नमुना असतो. बाकीचे प्रेक्षक करतात. गुलाबी साडी सौसरमध्येही मिळते, मोबाइल घरात आहे, गाणं झालं. जुना व्हिडिओ ‘माझ्याकडे बघा’ म्हणायचा. हा म्हणतो ‘आता तुम्ही करा’. हा बदल मोठा आहे आणि त्याला केवळ ऱ्हास म्हणणं आळशीपणाचं आहे. पण त्याची किंमतही आहे. सगळ्यांना करता येईल अशी एकच हालचाल, चटकन ओळखू येईल अशी एकच ओळ यांच्याभोवती गाणं बांधलं की अंतरा अडगळीत जातो, आणि गोष्ट सांगणारा व्हिडिओ तर आणखी मागे.

रील तीस सेकंदांची आहे म्हणून उथळ आहे, हा युक्तिवाद मात्र विदर्भाच्या आसपासच्या माणसाने तरी करू नये. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या किती लांब असतात? चार-सहा ओळी. एक जण ठसक्यात म्हणतो, त्यात देवाचं नाव असतं, सावकाराला किंवा सरपंचाला टोमणा असतो, यमक असतं आणि शेवटी महादेवाच्या गजरात सारा गाव सामील होतो. अर्ध्या मिनिटात आरंभ, टोला आणि सामूहिक शेवट. उखाणा तर याहून लहान. थोडक्यात नेमकं बोलण्याची कला आपल्याकडे रीलच्या कितीतरी आधी पिकलेली आहे. पोळ्याच्या दिवशी मोबाइलवर टिपलेली एखादी झडती, कसलंही संकलन न करता, स्टुडिओत घडवलेल्या गाण्यापेक्षा जास्त धरून ठेवते. कारण तिच्यात म्हणणारा, ऐकणारा आणि ज्याला टोमणा बसला तो, तिघेही एकाच चौकटीत असतात. लांबीवर खापर फोडण्याची सोय त्यामुळे उरत नाही. उणीव आहे ती ठिकाणाकडे बघण्याच्या नजरेची.

आणि ठिकाण दाखवून काय साधतं, हे मराठीने अलीकडेच पाहिलं आहे. २०१६च्या ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी गाणी करमाळ्याच्या परिसरात नेली. विहीर, ऊस, नदीकाठ ही गाण्याची जागा झाली. ती गाणी सिनेमातली आणि त्यांच्यामागे मोठा पैसा होता, हे खरं. पण विहीर भाड्याने आणलेली नव्हती. पांढुर्णा-सौसरकडे काय कमी आहे? आंबिया बहराने लगडलेल्या संत्र्याच्या बागा, कापसाच्या गाड्या, मोहगावचं अर्धनारीश्वराचं देऊळ, जामसावळीचा झोपलेला हनुमान, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी पोरं. यातलं देऊळ भक्तिगीतांत येतं. बाकीचं गाण्यात शोधावं लागतं. बाहेरच्या जगाला पांढुर्णा हलत्या चित्रात दिसतो तो वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर गोटे मारतात तेव्हा. ती दृश्यं वृत्तवाहिन्यांची असतात आणि त्यांना रक्त हवं असतं. गावाचं स्वतःचं चित्र नसलं की दुसऱ्याने काढलेलं चित्र तेच गावाचं रूप ठरतं.

बोलीचंही तेच होतं. गल्लीत ‘काहून बे’ म्हणणारा पोट्टा माइकसमोर आला की पुणेरी मराठी बोलायला जातो किंवा सरळ हिंदीत शिरतो. त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे: मराठी गाण्याचा गिऱ्हाईक महाराष्ट्रात आणि हिंदीचा सगळीकडे. पण महाराष्ट्रातल्या गिऱ्हाईकाला प्रमाण मराठीतली प्रेमगीतं हवी तेवढी मिळतात. सौसरची बोली त्याला दुसरं कोणी देणार नाही. पवारी आणि गोंडी गाणी करणाऱ्यांना हे जास्त कळलं आहे. आपला प्रेक्षक कोण हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून चित्र साधं असलं तरी सूर डळमळत नाही.

तेव्हा निकाल दोन भागांत द्यावा लागेल. महत्त्व घटलं हे खरं नाही. ते कंपनीकडून घरोघरी वाटलं गेलं. दर्जाचं म्हणाल, तर तळ वर आला आणि शिखर खाली आलं. चित्र स्वच्छ झालं, आवाज स्वच्छ झाला, व्हीसीडीच्या काळातला गबाळेपणा गेला. गेला नाही तो उसनेपणा: तेव्हा बागेचा होता, आता ड्रोनचा आहे. यावर पैसा हे उत्तर नाही, कारण लागणारी यंत्रं गावात आहेत. लागतो तो दिग्दर्शक, आणि दिग्दर्शक घडवायला समीक्षा लागते. आपण नाटकावर लिहितो, सिनेमावर लिहितो. नागपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या अंगणात तयार होणाऱ्या गाण्याच्या व्हिडिओला मात्र ‘छान’ आणि ‘एक नंबर’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

सुरुवातीला एक साधी कसोटी पुरे. व्हिडिओचा आवाज बंद करून बघावा आणि विचारावं, हे गाव कोणतं? उत्तर ‘कुठलंही’ असं आलं, तर कॅमेरा कितीही महागडा असो, तो व्हिडिओ नापास. या कसोटीला आज मोबाइलवरची झडती उतरते आणि ड्रोनवरचं प्रेमगीत उतरत नाही. झडती म्हणणाऱ्याकडे कॅमेरा नाही आणि ड्रोनवाल्याकडे झडती नाही. हे दोघे राहतात मात्र एकाच गल्लीत.