डायलिसिसवरील रुग्णांचा रक्तक्षय आणि शिरेवाटे लोह : ‘पिव्होटल’ अभ्यासाचे मूल्यमापन

मूत्रपिंड निकामी झाल्यावर एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची निर्मिती घटते. शिवाय हिमोडायलिसिसच्या प्रत्येक खेपेस थोडे रक्त वाया जाते आणि आतड्यातून लोहाचे शोषणही मंदावते. म्हणून शिरेवाटे लोह देण्याची पद्धत रूढ झाली. अधिक लोहाने जंतुसंसर्ग व हृदयविकार वाढतील, ही शंका मात्र कायम होती.

ब्रिटनमधील ‘पिव्होटल’ अभ्यासात (2019) 2,141 रुग्ण होते. एका गटास दरमहा 400 मिलिग्रॅम लोह मिळाले. फेरिटिन 700 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरवर गेल्यास ते थांबविले जाई. दुसऱ्या गटास फेरिटिन 200 पेक्षा किंवा ट्रान्सफेरिन संपृक्तता 20 टक्क्यांपेक्षा कमी झाल्यावरच लोह दिले गेले. मृत्यू वा गंभीर हृदयविकार, पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे 29.3 व 32.3 टक्के आढळले. संसर्ग वाढला नाही. एरिथ्रोपोएटिनवर्गीय औषधही कमी लागले.

या निष्कर्षाचे मोल मोठे असले, तरी त्याची व्याप्ती मर्यादित आहे. डायलिसिस सुरू होऊन वर्ष न उलटलेले आणि फेरिटिन 400 पेक्षा कमी असलेले रुग्णच येथे निवडले होते. दाह असताना फेरिटिन वाढते, परंतु साठ्यातील लोह अस्थिमज्जेस मिळत नाही. अशा रुग्णाबाबतचा निर्णयच सर्वाधिक कठीण असतो आणि नेमका तोच या अभ्यासाबाहेर राहिला. तसेच तुलना केवळ दोन पद्धतींची असल्याने 400 मिलिग्रॅम ही सर्वोत्तम मात्रा ठरत नाही. लोह देण्यात हात आखडता घेणे हितावह नाही, एवढेच यातून सिद्ध होते.