मनातला नमस्कार

फेर्नांदो आरांबुरू ह्या स्पॅनिश लेखकाची ‘पात्रिआ’ ही कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला स्पेनचा राष्ट्रीय कथनसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१९ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि २०२० मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही आली. आम्ही ती इंग्रजीतून वाचली. सव्वाशे छोट्या प्रकरणांची ही कादंबरी दहशतवादावर आहे, अशी तिची ओळख करून दिली जाते. ती ओळख चुकीची नाही. परंतु आमच्या मते तिचा खरा विषय दहशतवाद्यांचे शेजारी हा आहे. आपल्याच माणसांनी, आपल्याच समाजाचे नाव घेऊन, आपल्याच गल्लीत कुणाचा जीव घेतला, तर ज्याच्या हाती शस्त्र नव्हते त्या सामान्य माणसाचे कर्तव्य कोणते? त्याने घराबाहेर पडून उघड निषेध करावा, की दार लावून घ्यावे? हा प्रश्न समोर ठेवूनच आम्ही ह्या कादंबरीकडे पाहणार आहोत.

ही कथा ज्या बास्क भूमीत घडते ती आपल्या वाचकांना अगदीच परकी नाही. संत इग्नेशियस लोयोला तिथलेच. जुन्या गोव्यात ज्यांचे पार्थिव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नव्हारा प्रांतातले, आणि त्यांची मातृभाषा बास्क होती. अशा ह्या श्रद्धाळू प्रदेशाची भाषा आणि अस्मिता जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीने दडपून टाकली. त्या दडपणातून १९५९ साली ‘एटा’ ही संघटना जन्माला आली. तिचे पहिले अधिवेशन १९६२ साली फ्रान्सच्या हद्दीतील बेलोक येथे, बेनेडिक्टाइन संन्याशांच्या मठात भरले होते, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६८ पासून ह्या संघटनेने आठशेहून अधिक माणसे मारली. त्यांतील बहुतांश हत्या फ्रँकोच्या मृत्यूनंतर, म्हणजे मतपेटीचा मार्ग खुला झाल्यावर झाल्या. २० ऑक्टोबर २०११ रोजी एटाने शस्त्रे कायमची थांबवल्याचे जाहीर केले आणि मे २०१८ मध्ये ती विसर्जित झाली.

कादंबरी सुरू होते ती २०११ च्या त्या घोषणेपाशी. सान सेबास्तियान शहराजवळचे एक गाव. लेखकाने त्याला नाव दिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. बित्तोरी आणि मिरेन ह्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. तरुणपणी दोघींनी धर्मभगिनी होण्याचा विचार केला होता. पुढे संसार थाटले, तरी मैत्री टिकली. बित्तोरीचा नवरा चातो मालवाहतुकीचा धंदा करून वर आला. मिरेनचा नवरा होशियान ओतकामाच्या कारखान्यातला कामगार. दोघे मित्र रविवारी सायकलींवर दूर जात, संध्याकाळी पत्ते खेळत. मग चातोला एटाकडून खंडणीची पत्रे येऊ लागतात. पहिली रक्कम तो भरतो. मागणी वाढते तेव्हा त्याला ते जमत नाही. एके सकाळी गावातल्या भिंतींवर त्याच्या नावाने निंदेचा मजकूर रंगवलेला दिसतो. त्या दिवसापासून गाव त्याच्याशी बोलेनासे होते. पावसाळी दुपारी त्याच्या घरापासून चार पावलांवर त्याला गोळ्या घातल्या जातात. ज्या टोळीवर संशय आहे तिच्यात मिरेनचा मुलगा होशे मारी आहे. कबरीची विटंबना होईल ह्या भीतीने चातोला त्याच्या गावात मूठभर मातीही मिळत नाही. त्याला शहरातल्या दफनभूमीत पुरावे लागते. अनेक वर्षांनी म्हातारी, आजारी बित्तोरी गावातल्या बंद घराचे दार उघडते. तिला एवढेच हवे आहे की, गोळी कुणी झाडली ते कळावे आणि कुणीतरी क्षमा मागावी.

ह्या साऱ्या कथेत आमच्या मनात रुतून बसला तो एक लहानसा प्रसंग. चातो आणि होशियान एकांतात भेटतात. होशियान सांगतो की, चारचौघांत मला तुझ्याशी बोलता येत नाही, त्रास होईल. पण तू दिसलास की मी मनातल्या मनात तुला नमस्कार करतो. तू भ्याड आहेस असे तुला कुणी कधी सांगितले आहे का, असे चातो त्याला विचारतो. ते मीच मला सारखे सांगत असतो, असे होशियानचे उत्तर. लेखक इथे होशियानला दुष्ट ठरवत नाही. तो प्रेमळ आहे, पापभीरू आहे, भाजीची लहानशी बाग हे त्याचे सुख आहे. आणि तरीही त्या मनातल्या नमस्काराचा चातोला काडीचाही उपयोग झाला नाही. गोळी झाडणारे तीनचार होते; चातोला गावातून आधीच नाहीसे करणारे मात्र अशा मनातल्या मनात नमस्कार करणाऱ्यांचे अख्खे गाव होते.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, जे मी केले नाही त्याचा निषेध मी का करावा? रस्त्यावर उभा राहिलो तर जणू अपराधाचा वाटा मी पत्करला असे होईल. ह्यात मोठे तथ्य आहे. बापाचे पाप मुलाच्या माथी मारू नये, हे यहेज्केल संदेष्ट्याने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. एखाद्या समाजातील चार जणांनी हत्या केली म्हणून त्या समाजातील प्रत्येकाने चौकात येऊन आपल्या निर्दोषपणाचा पुरावा द्यावा, अशी मागणी बाहेरच्यांनी करणे हा अन्याय आहे. ती मागणी आम्हांला मान्य नाही. परंतु निषेध हा बाहेरच्या न्यायाधीशापुढे द्यायचा जबाब आहे, हे गृहीतकच मुळात तपासले पाहिजे. आमच्या मते निषेध उच्चारायचा तो शेजारच्या विधवेसाठी. तिच्या नवऱ्याला ‘लोकांच्या’ नावाने मारलेले असते. ते नाव परत घेण्याचा अधिकार त्या लोकांखेरीज दुसऱ्या कुणालाच नाही. माद्रिदच्या मंत्र्याने हजार भाषणे केली तरी बित्तोरीला जे मिळाले नसते, ते गावच्या पाववाल्याने दुकानाबाहेर येऊन तिचा हात हाती घेतला असता तर मिळाले असते.

दुसरा आक्षेप सरकारच्या हिंसेचा. १९८३ ते १९८७ ह्या काळात ‘गाल’ नावाच्या छुप्या टोळ्यांनी एटाविरुद्धच्या लढाईच्या नावाखाली २७ जणांचे बळी घेतले. तिच्याशी संबंधित एका अपहरणाबद्दल स्पेनच्या माजी गृहमंत्र्यांना १९९८ साली शिक्षाही झाली. मग निषेध एकट्या एटाचाच का? आरांबुरू हा प्रश्न टाळत नाही. पोलिस कोठडीत होशे मारीचा जो छळ होतो तो त्याने स्पष्टपणे लिहिला आहे. मात्र ह्या आक्षेपाचे खरे उत्तर कादंबरीबाहेर, इतिहासात सापडते. नोव्हेंबर १९८५ मध्ये बिल्बाओतील काही ख्रिस्ती तरुण एका हत्येनंतर शब्दही न बोलता रस्त्यावर उभे राहिले. त्यातून ‘हेस्तो पोर ला पाझ’, म्हणजे शांतीसाठी कृती, ही चळवळ उभी राहिली. तिचा नियम साधा होता. राजकीय हिंसेने कुणाचाही मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेल्या जागी पंधरा मिनिटे मूकपणे उभे राहायचे. मेलेला पोलिस असो, व्यापारी असो, की स्वतःच्याच बाँबने मेलेला एटाचा सभासद असो. पंधरा मिनिटे तीच. पुढेपुढे ह्या मंडळींसमोर, अवघ्या काही पावलांवर, एटाचे समर्थक जमून शिव्याशाप देऊ लागले. तरीही ती हलली नाहीत. १९९३ साली एका उद्योजकाचे अपहरण झाले तेव्हा छातीवर लावलेली निळी फीत ही ह्याच लोकांची खूण ठरली. जो सर्व मृतांसाठी उभा राहतो त्याला ‘त्यांच्याविषयी का बोलत नाही’ असे विचारण्याची सोयच उरत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. ज्याच्या घरी लहान मुले आहेत त्याने जीव धोक्यात घालावा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. ख्रिस्तसभा हुतात्म्यांचा गौरव करते, परंतु प्रत्येक प्रापंचिकावर ती हौतात्म्याची सक्ती करत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हौतात्म्य आणि काहीही न करणे ह्यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे. प्रेतयात्रेला जाणे, दुकानात नमस्कार करणे, पत्त्यांच्या टेबलावरची खुर्ची रिकामी ठेवणे, ही कृत्ये त्या जागेत बसतात. कादंबरीतील अरांचाने हे केले. ती मिरेनची मुलगी, होशे मारीची सख्खी बहीण. आईचा रोष पत्करून ती चातोला नमस्कार करते, त्याच्या हत्येला हत्या म्हणते. पुढे मेंदूच्या विकाराने तिची वाचा जाते. ती यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटवून बोलते. धडधाकट जिभांच्या गावात बोलणारी ती एकटीच, ही लेखकाची योजना आम्हांला फार मोलाची वाटली.

निषेधाने काय साधते, असाही एक प्रश्न उरतोच. जुलै १९९७ मध्ये एर्मुआ गावच्या मिगेल आंखेल ब्लांको ह्या २९ वर्षांच्या नगरसेवकाला एटाने पळवले आणि सरकारला ४८ तासांची मुदत दिली. लाखो लोक बिल्बाओच्या रस्त्यांवर उतरले. तरीही १२ जुलैला त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मरण पावला. त्यानंतरही एटाच्या हत्या चालूच राहिल्या. ३ डिसेंबर २००८ रोजी तर खुद्द संत इग्नेशियस ह्यांच्या अस्पेइतिया गावात एका उद्योजकाला ठार मारण्यात आले. एटाचा शेवट पोलिसांमुळे, फ्रान्सच्या सहकार्यामुळे आणि राजकारणामुळेही झाला. एकट्या मोर्चांना ते श्रेय देणे खोटे ठरेल. तथापि एर्मुआच्या त्या दिवसांत एक गोष्ट घडली. संतापलेल्या जमावाने एटासमर्थक पक्षाच्या कार्यालयाला आग लावली, तेव्हा गावच्या नगराध्यक्षांनी स्वतः अग्निशामक नळकांडे हाती घेऊन ती विझवली. निषेध कुठे संपतो आणि सूड कुठे सुरू होतो, ह्याची रेषा इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी आखली असेल.

आता फादर सेरापिओंविषयी. धर्मगुरू ह्या नात्याने त्यांच्याविषयी लिहिणे आम्हांला टाळता येणार नाही. गावचे हे धर्मगुरू मिरेनला सांगतात की, तुझ्या मुलाचा लढा न्याय्य आहे, मनात शंका आणू नकोस. आणि बित्तोरी गावात परतते तेव्हा ते तिच्याकडे जाऊन, शांततेच्या कामात अडथळा नको म्हणून तिने तूर्त येऊ नये, अशी विनंती करतात. ज्याने जखमीच्या बाजूला बसायचे, तोच जखमीला रस्त्यावरून उठायला सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर जो याजक दुसऱ्या बाजूने निघून गेला तो लुटारू नव्हता. तरी प्रभूने त्याला कथेत आणले, ते उगीच नव्हे. हे चित्र अतिरंजित आहे असे म्हणून आम्ही ते बाजूला सारणार नाही. २० एप्रिल २०१८ रोजी बास्क आणि नव्हारा प्रदेशातील बिशपांनी संयुक्त निवेदन काढून ख्रिस्तसभेतील काहींच्या साथीबद्दल, संदिग्धतेबद्दल आणि कर्तव्यच्युतीबद्दल क्षमा मागितली. मिस्साच्या प्रारंभी आपण विचार, शब्द आणि कृती ह्यांबरोबर न केलेल्या कर्तव्याचेही पाप पदरी घेतो; त्या शब्दाचा अर्थ ह्या निवेदनात दिसतो.

परंतु नेमकी इथेच कादंबरीची मोठी उणीव आहे. आरांबुरू दोन्ही घरांतील नऊ माणसांच्या अंतरंगात शिरतो. निवेदन चालू असतानाच पात्र ‘मी’ म्हणून बोलू लागते, एकाच ठिकाणी दोन-तीन पर्यायी शब्द तिरक्या रेघेने जोडून ठेवले जातात, आणि माणसाच्या मनाची घालमेल भाषेतच उमटते. ह्या कृपेपासून फादर सेरापिओ वंचित राहतात. ते बाहेरूनच दिसतात. धर्मग्रामावर प्रेम असलेला धर्मगुरू, त्या प्रेमापोटीच, कळपातील एका मेंढरास कसा विसरतो, हे त्यांच्या आतून पाहायला मिळाले असते तर कादंबरी अधिक अस्वस्थ करणारी झाली असती. दुसरी उणीव अशी की, कादंबरीचा भार गप्प राहिलेल्यांवर पडतो; त्या पंधरा मिनिटांच्या मूक माणसांचे मोठेपण वाचकाला इतिहासातून शोधून घ्यावे लागते. शेवटही जरा नीटनेटका आहे, तरी त्यातील संयम आम्ही मानतो. गावच्या चौकात, सर्वांसमोर, दोन म्हाताऱ्या समोरासमोर येतात आणि क्षणभर एकमेकींना मिठी मारतात. संवाद नाही.

मिरेन चर्चमध्ये संत इग्नेशियसच्या पुतळ्यापुढे बसून त्याच्याशी भांडते, सौदे करते, मुलासाठी मागणे मागते. तिची श्रद्धा खोटी नाही. फक्त त्या प्रार्थनेत शेजारचे घर येत नाही. बित्तोरीच्या डॉक्टर मुलाचे नाव मात्र शाबिएर, म्हणजे आपण ज्याला झेवियर म्हणतो तेच. एकाच वेदीपुढे वाढलेल्या दोन घरांमध्ये ही दरी पडली. ‘पात्रिआ’ ह्या शब्दाच्या मुळाशी पित्याची भूमी हा अर्थ आहे. त्या पित्याच्या भूमीपायी दोन मातांची घरे उजाड झाली.

ही कादंबरी आपल्या कुटुंबांनी वाचावी, विशेषतः थोरांनी आणि महाविद्यालयीन मुलांनी बरोबरीने वाचावी. तीत रांगडी भाषा आणि काही कठोर प्रसंग आहेत, त्याची कल्पना देऊन ठेवतो. वाचून झाल्यावर देशोदेशींच्या अतिरेक्यांचा विचार थोडा बाजूला ठेवावा आणि आपल्या आळीत असे कोणते घर आहे की ज्याला आपण अलीकडे मनातल्या मनातच नमस्कार करतो, तेवढे पाहावे.