पडद्यावरील गुरू

नाटकाचा पहिला प्रयोग झाला की दोन दिवसांत त्याचे परीक्षण येते. कवितासंग्रह, कादंबरी, गाण्याची बैठक, चित्रांचे प्रदर्शन यांपैकी टीकाकाराच्या तावडीतून काहीच सुटत नाही. सुटत आला तो फक्त महाविद्यालयातला तास. याचे श्रेय टीकाकाराच्या दयाबुद्धीला देण्याचे कारण नाही. वर्गात परक्या माणसाला प्रवेश नसे आणि घंटा झाली की व्याख्यान हवेत विरून जाई. उरे ती विद्यार्थ्यांच्या वह्यांतली रक्षा. जे पाहताच येत नाही त्याची समीक्षा करायची कशी?

आता ही सबब उरलेली नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकन संस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री साऱ्या जगाला फुकट खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतर प्राध्यापकांची हजारो व्याख्याने इंटरनेटवर आली आहेत. ज्या घरात हा अंक वाचला जाईल, त्यातल्या पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी कानात यंत्र खुपसून अशाच एखाद्या व्याख्यानात बुडालेली असेल. व्याख्यान हा आता एक मुद्रित वाङ्मयप्रकार झाला आहे. तेव्हा त्याच्याकडे वाङ्मयाच्या टीकाकाराने पाहिले, तर तो आगंतुकपणा ठरू नये.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली एक कृती मी विचारासाठी घेतो: हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल सँडेल यांची ‘जस्टिस’ ही न्यायविषयक व्याख्यानमाला. २००९ साली ती १२ भागांत अमेरिकेतल्या दूरदर्शनवर दाखविली गेली आणि इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. मी ती सलग पाहिली आणि काही भाग पुन्हा पाहिले. तत्त्वज्ञानाच्या तासाला माणूस पुन्हा जाऊन बसतो, हेच तिचे पहिले प्रशस्तिपत्र.

पहिल्याच भागात सँडेल एक गोष्ट सांगतात. ट्रामचे ब्रेक निकामी झाले आहेत. समोर रुळांवर पाच मजूर आहेत. बाजूच्या रुळांवर एकच आहे. तुम्ही चालक आहात. गाडी वळवाल का? सभागृहातले बहुतेक हात वर जातात. मग तीच गोष्ट थोडी बदलते. आता तुम्ही पुलावर उभे आहात आणि शेजारच्या लठ्ठ माणसाला खाली ढकलले, तर गाडी थांबून पाच जीव वाचतील. आता हात वर येत नाहीत. पाचांसाठी एकाचा बळी हे गणित मघाशी पटले होते, ते आता का पटेना? मग एक डॉक्टर येतो. त्याच्याजवळ पाच रोगी आहेत, प्रत्येकाला एकेक अवयव हवा आहे आणि शेजारच्या खोलीत एक धडधाकट माणूस झोपला आहे. यावर एक विद्यार्थी सुचवितो की, त्या पाचांपैकी जो आधी मरेल त्याचेच अवयव काढून बाकीच्या चौघांना वाचवावे. सभागृह हसते. सँडेलही दाद देतात आणि या कल्पनेने आपला सारा तात्त्विक मुद्दाच उधळला गेल्याची तक्रार करतात.

या अध्यापनातली कला कोणती? प्रश्न आधी येतो आणि ग्रंथ मागाहून येतो. मुलगा अडखळत काहीतरी सांगतो. सँडेल त्याचे नाव विचारतात, त्याचे म्हणणे एका स्वच्छ वाक्यात मांडून त्याच्या हाती परत देतात आणि दुसऱ्या कोणाला तरी त्याच्यासमोर उभे करतात. दोघांची चांगली जुंपली की मग बेंथम येतो, कांट येतो. आणि येतो तो त्या मुलांच्याच भांडणात पडलेला एखादा वडीलधारा माणूस यावा तसा. आमच्याकडे कांट आधी येतो, पाठोपाठ त्याचे चार मुद्दे येतात आणि प्रश्न एकदम परीक्षेतच भेटतो. या तुलनेत मला सँडेल यांचे पारडे निःसंशय जड वाटते.

परंतु रसिकतेने डोलत असतानाच एक शंका मनात येते. अवयवांची ती अफलातून युक्ती सुचविणारा मुलगा सभागृहात होता, म्हणून तिला दाद मिळाली आणि व्याख्यानाला क्षणभर वेगळे वळण लागले. परभणीच्या एखाद्या मुलीला पडद्यासमोर बसून याहून धारदार उत्तर सुचले, तर ते कोणी ऐकायचे? कीर्तनात श्रोत्यांची चुळबूळ दिसली की बुवा आख्यान आवरते घेतात आणि समोरच्या म्हातारीचे डोळे भरून आले की तिथेच थोडे रेंगाळतात. पडद्यावरचे बुवा आपल्यासाठी रेंगाळत नाहीत. आपण पाहतो तो संवादच, पण तो दुसऱ्यांचा. दुसरे कोणी विचार करीत आहे हे पाहण्यात मोठी मौज असते, आणि त्या मौजेच्या भरात आपणही विचार केला असा समज होतो. या कृतीचा मला जाणवलेला दोष हाच; आणि कृती जितकी सरस, तितका तो दोष अधिक झाकला जातो.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाने सँडेल यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सची ती संस्था यांनी २०१२ साली काढलेल्या ‘एडएक्स’ या संस्थेमार्फत त्यांची व्याख्यानमाला सॅन होजेच्या वर्गांत वापरावी, अशी सूचना आली होती. विभागाने ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आमच्याकडे हा विषय शिकवायला माणसे आहेत. चित्रफितीने पुस्तकाहून अधिक असे काही मिळत नाही. आणि या वाटेने गेलो तर विद्यापीठांचे दोन वर्ग पडतील. एका ठिकाणी सुस्थितीतल्या मुलांना जिवंत प्राध्यापक मिळेल आणि दुसऱ्या ठिकाणी बाकीच्या मुलांना त्याची चित्रफीत. न्यायावरील व्याख्यानांमुळेच अन्यायाचा प्रश्न उभा राहावा, हा योगायोग एखाद्या नाटककाराने रचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. सँडेल यांचे उत्तर सभ्य होते. इतर विद्यापीठांतील सहकाऱ्यांचे स्थान डळमळविण्यासाठी आपली व्याख्याने वापरली जावीत अशी आपली मुळीच इच्छा नाही, असे त्यांनी कळविले. पण ग्रंथ एकदा बाजारात गेला की त्याच्या वापरावर ग्रंथकाराची सत्ता कितीशी चालते?

मात्र सॅन होजेच्या या तत्त्वज्ञांची बाजू घेऊन थांबणे सोपे आहे, आणि तेवढ्याने न्याय होत नाही. त्याच विद्यापीठातल्या आणखी दोन प्रयोगांकडे पाहावे. २०१२ साली विद्युत्मंडलांच्या एका अभ्यासक्रमात मुलांनी ‘एडएक्स’वरील अनंत अगरवाल यांची व्याख्याने घरी पाहायची आणि वर्गात आपल्या शिक्षकाजवळ बसून उदाहरणे सोडवायची, अशी व्यवस्था केली गेली. उत्तीर्णांचे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले. पूर्वी ते साठाच्याही आत होते. पुढच्याच वर्षी ‘उडॅसिटी’ या कंपनीबरोबर गणिताचे काही अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्णपणे पडद्यावर सोपविण्यात आले. त्यांपैकी प्राथमिक गणितात चौथ्या हिश्शाच्या आसपासच विद्यार्थी तरले आणि २०१३ च्या जुलैमध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. दोन्हीकडची मुले सारख्या तयारीची नव्हती, हे खरे. त्यामुळे आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये. तरीही एक गोष्ट दिसते. विद्यापीठ एकच होते आणि पडदाही दोन्हीकडे होता. पहिल्या प्रयोगात पडद्याच्या अलीकडे, मुलांच्या शेजारी, एक माणूस बसलेला होता.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडील ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केला. कलाकृती म्हणून पाहिले तर त्यातली अनेक व्याख्याने रुक्ष आहेत. फळा, हात, समीकरणे, मधूनच एक खोकला, पुन्हा समीकरणे. त्यांत सँडेल यांचे नाट्य शोधणारा निराश होईल. तरीही या देशात त्यांनी केलेले काम मी मोठे मानतो. माझी भाची एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी शिकते. या रुक्ष व्याख्यानांत तिला काय गोडी वाटते, असे मी विचारले. ती म्हणाली, “मामा, या सरांना थांबवता येतं. आमच्या सरांना ‘पुन्हा सांगा’ म्हटलं, की सगळा वर्ग मागे वळून बघतो.”

हे उत्तर माझ्या सिद्धांताला चांगलेच धक्का देणारे आहे, आणि ते टाळता येत नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची लेखनकलेविरुद्ध अशी तक्रार आहे की, लिहिलेले शब्द चित्रातल्या माणसांसारखे असतात. त्यांना काही विचारले तर ते गप्प राहतात. चित्रफीतही गप्पच राहते. पण आमच्या किती वर्गांत गुरू बोलत होते? पिवळ्या पडलेल्या कागदांवरून टिपणे सांगायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची, हा प्रकार चित्रमुद्रणाचे यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. तिथे गुरू जिवंत असूनही व्याख्यान मुद्रितच होते. फक्त ते थांबविण्याची आणि मागे नेण्याची सोय नव्हती. अशा तासाची जागा चांगल्या चित्रफितीने घेतली, तर मी तरी शोक करणार नाही. लाजऱ्या मुलीला तीनदा ऐकायला मिळाले, हा लाभच आहे. पण तीनदा ऐकूनही कळले नाही तर पुढे काय? खरा शिक्षक सुरू होतो तो इथे.

२०२० साली टाळेबंदी आली आणि साऱ्या देशाची महाविद्यालये एका झटक्यात पडद्यावर गेली. बोलणाऱ्याच्या पुढ्यात काळ्या चौकटींची रांग आणि प्रत्येक चौकटीत एक नाव. “आवाज येतोय का?” हे त्या काळातले सर्वाधिक उच्चारले गेलेले वाक्य असावे. त्या अनुभवाने निदान एक गोष्ट सिद्ध केली. चेहरा दिसेनासा झाला की फक्त ऐकणाराच एकटा पडतो असे नाही. बोलणाऱ्याचेही बोलणे सुकून जाते. पडद्यामुळे दूरचे जवळ येते हे जितके खरे, तितकेच जवळचे दूर जाते हेही खरे.

एकट्याने शिकण्याची ताकद फार थोड्यांजवळ असते, याला आकड्यांचाही आधार आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘एडएक्स’वरील हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सच्या अभ्यासक्रमांचा हिशेब आहे. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला. यावर कोणी म्हणेल की, ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक कोण शेवटपर्यंत वाचतो? म्हणणे योग्य आहे. पण मग ग्रंथालयाला ग्रंथालयच म्हणावे. त्याला विद्यापीठ म्हणू नये. ‘एडएक्स’ची पुढची कथाही बोलकी आहे. २०२१ साली तो व्याप ८० कोटी डॉलरना ‘टू-यू’ या कंपनीला विकला गेला आणि २०२४ साली त्या कंपनीलाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

या वादाला आपल्या मातीतला एक जुना दाखला आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० साली पुरा झाला. त्यातली ‘लीलावती’ ज्यांनी चाळली असेल, त्यांना तिची रीत ठाऊक आहे. गणित घालताना ग्रंथकार ‘बाले’, ‘सखे’ अशा हाका मारतो. शिकणारा समोर नाही, याची जणू त्याला बोचणी आहे आणि तो त्याला ग्रंथातच आणून बसवितो. अनुपस्थित शिष्याला हाक मारण्याची ही कला आजच्या पडद्यावरच्या कित्येक प्राध्यापकांनी आवर्जून शिकावी. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची आणि त्याला दान मिळाल्याची नोंद त्यात आहे. ग्रंथ उत्तम होता, तो शिष्याला हाकही मारीत होता; तरी मठ लागला. म्हणजे शिकणारे लागले, शिकविणारा लागला आणि दोघांच्या पोटापाण्याची सोय लावणारा दाताही लागला.

मला वाटते, चित्रमुद्रित व्याख्यानाच्या समीक्षेचा निकष यातच सापडतो. जे व्याख्यान पाहून विद्यार्थी उठतो आणि कोणाशी तरी वाद घालायला जातो, ते चांगले. जे पाहून ‘झाला अभ्यास’ असे समाधान वाटते, ते कितीही देखणे असले तरी उणे. या निकषावर सँडेल यांची कृती उत्तीर्ण होते, पण ज्याच्याजवळ वाद घालायला कोणी आहे त्याच्यापुरतीच. ‘एनपीटीईएल’ची साधी व्याख्यानेही उत्तीर्ण होतात, पण जिथे महाविद्यालयात शंका विचारायला माणूस आहे तिथेच.

आणि तो माणूस राहील ना, हाच खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ च्या जुलैत सुरू झाले. त्यावरच्या अभ्यासक्रमांतून विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेऊ दिले आणि २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, हे चांगलेच झाले. लहान गावच्या महाविद्यालयात एखादा विषय शिकविणारा नसेल, तर पडदा तिथे वरदानच ठरेल. पण पडदा आहे म्हणून जागा भरायचीच नाही, आणि असलेल्या माणसाला तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे टांगून ठेवायचे, असा हिशेब कोणी मांडू लागला तर पालकांनी सावध व्हावे. मुलांच्या प्रवेशाच्या वेळी आपण इमारत पाहतो, वसतिगृह पाहतो, आता संगणककक्षही पाहतो. त्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: तीनदा ऐकूनही ज्याला कळले नाही, त्याने इथे कोणाचे दार ठोठावायचे?