माध्यमाचे मास्तर आणि वस्तीची भाषा

शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात बहुभाषिकतेचा उदोउदो सध्या फार चालला आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या अनेक भाषा हे वर्गाचे भांडवल मानले. घरची भाषा आणि माध्यमाची भाषा वेगळी असेल तिथे शिक्षकाने दोन्ही वापराव्यात, असे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुचवले. कागदावर हे सारे ठीकच आहे. पण ही भाषा कुणाची आणि ती ऐकून घेणार कोण, असे विचारले की या कागदांची वाचा बसते, असे मला वाटते.

माहुलचेच पाहा. तेलशुद्धीकरण कारखाने आणि खाडी यांच्या बेचक्यात कोळी-आगऱ्यांचे जुने गाव आणि प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या 72 इमारती. हवेच्या प्रदूषणामुळे माहुलकरांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 सालीच सांगितले होते. तरी 2017 मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून माणसे इथे आणून टाकली. घाटावरची मराठी, भोजपुरी, उर्दू, सारे एकाच जिन्यावर.

मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शिकवते, आणि हे काम लहान नाही. पण माध्यम म्हणजे मुलाची भाषा नव्हे. भोजपुरी बोलणारे पोर शाळेच्या दारात 'हिंदी' होते. 2011 च्या जनगणनेनेही भोजपुरी आणि बंजाऱ्यांची लमाणी हिंदीच्याच खात्यात टाकली आहे. कोळ्याचे पोर तर 'मराठी'च. ते कुणाच्या लेखी अल्पसंख्य नाही. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने संविधानात आलेले कलम 350-क भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्यास राज्याला आणि स्थानिक संस्थांना सांगते. सोयींची गोष्ट ते करते. शिक्षक कसा घडवावा, याविषयी त्यात अवाक्षर नाही. आणि मोठ्या भाषेच्या पोटात दडपलेल्या बोलीपर्यंत 'अल्पसंख्य' हा शब्द पोचतच नाही.

शिक्षक घडतो तोही माध्यमातच. 2013 पासून महाराष्ट्रात सुरू झालेली शिक्षक पात्रता परीक्षा घ्या. 150 पैकी 60 गुण दोन भाषांचे. म्हणजे शिक्षक द्विभाषिक हवा! पण दोन्ही प्रमाणभाषा. मी प्रशिक्षण घेत असताना एका सरावपाठात 'व्हतं' म्हणणाऱ्या पोराला शाबासकी दिली, तर पाठनिरीक्षकांनी माझे गुण कापले. उत्तर बरोबर होते. जीभ चुकीच्या घरातली होती. पांढरपेशाच्या मुलाने तीन भाषा मिसळल्या तर तो हुशार ठरतो, वस्तीतल्या पोराने मिसळल्या तर अशुद्ध. हा न्याय व्याकरणाचा नाही, जातीचा आहे.

आपल्या साहित्याने हा न्याय एकदा उलटा केला होता. 1972 साली 'गोलपिठा' आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ नामदेव ढसाळांना विचारावे लागले. जाणत्या लेखकाने विचारले, कवीने सांगितले. यात कुणाचाच मान गेला नाही. वर्गात मात्र विचारतो फक्त मास्तर, आणि तेही उत्तर आधीच ठरवून. 'तुझ्या घरी याला काय म्हणतात?' हा साधा प्रश्न विचारायला त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

एका शिक्षकाने दहा भाषा कुठून आणायच्या, असा आक्षेप येईल. दहा भाषा यायला नकोतच. विचारता यावे आणि ऐकता यावे. मातृभाषेच्या नावाखाली आमच्या पोरांना इंग्रजीपासून तोडण्याचा डाव असेल तर तोही आम्हाला मान्य नाही. 1854 च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजीची थोरवी गायली ती उगाच नव्हे. पण इंग्रजीपर्यंतची वाट पोराच्या स्वतःच्या बोलीवरूनच जाते. ती बोली मोडून पुढे नेलेले पोर मुके होते.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली होती की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे. ही मागणी आजही थकलेली आहे. म्हणून माझे म्हणणे असे : प्रत्येक भावी शिक्षकाचे काही सरावपाठ माहुलसारख्या वस्तीत व्हावेत. मुलांच्या घरच्या शब्दांची वही त्याने मुलांकडून शिकून तयार करावी आणि तिला गुण असावेत. आणि वस्तीतली शिकलेली पोरे-पोरी अध्यापक विद्यालयात यावीत म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनीच पुढे व्हावे. तोवर बहुभाषिकता हा प्रस्थापितांनी प्रस्थापितांसाठी लिहिलेला निबंधच राहील.