पाटीवरचे अक्षर, शिळेवरचे अक्षर

आपल्याकडे पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, चर्चच्या वास्तूविषयीही अधूनमधून कोणी लिहिते. परंतु ज्या अक्षरांतून आपण हे सारे वाचतो, त्या अक्षरांच्या रूपाबद्दल क्वचितच कोणी बोलते. वास्तविक सकाळी घराबाहेर पडल्यापासून अक्षरे आपल्यासमोर उभी असतात. वेशीवरच्या क्रूसाच्या चौथऱ्यावर, एस. टी.च्या कपाळावर, पतपेढीच्या दारावर, शाळेच्या कमानीवर आणि शेवटी दफनभूमीतल्या शिळांवर आपण ती पाहतो. यांतली काही अक्षरे मनाला उभारी देतात, काही नुसती माहिती देतात आणि काही, स्पष्टच सांगायचे तर, त्या शब्दाचा अवमान करतात. या तिसऱ्या प्रकारच्या अक्षरांची संख्या आपल्या धर्मग्रामांच्या आवारात वाढते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठीची थोरवी गाणारे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीतला. पण छापला गेला रोमन लिपीत. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ सालीच आले होते, तमिळ अक्षरांचे खिळेही १५७७-७८च्या सुमारास पाडले गेले होते. मग देवनागरीचेच काय अडले? स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात याचे कारण दिले आहे. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत अशी त्यांची कित्येक वर्षांची तळमळ होती. परंतु युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सहाशेच्या घरात साचे पाडावे लागणार, हे लोकांना अशक्य वाटत होते. ती संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येईल, असेही त्यांनी सुचविले होते. त्यांची ही इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१९ साली ते निवर्तले. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी काढली ती १९५६ साली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितावरून फादर कारिदाद द्रागो यांनी सिद्ध केलेली प्रत १९९६ साली आली. म्हणजे मराठीची गोडी गाणाऱ्या या काव्याला मराठीच्या स्वतःच्या अक्षरांत छापून येण्यासाठी ३४० वर्षे थांबावे लागले. ज्या अक्षरासाठी एक परदेशी धर्मगुरू असा झुरला, ते आज आपल्याला एका बोटाच्या टोकाशी फुकट मिळते. आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूची आपण जी किंमत करतो, तीच त्याचीही करतो.

या साच्यांच्या संख्येमागे लिपीचा स्वभाव आहे. रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणे. त्याच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि चंद्रकोर बसतात, पायाशी उकार येतात, पोटात जोडाक्षर शिरते. बोरूने लिहितानाही रोमन लिपीसाठी टोक एका बाजूने तिरके कापतात, देवनागरीसाठी त्याच्या उलट बाजूने. हा स्वभाव ओळखून मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाने मराठी वाचकाच्या डोळ्यांना सुडौल अक्षराची सवय लावली. बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या मोठ्या ग्रंथात या साऱ्या खटाटोपाचा हिशेब मांडून ठेवला आहे. जिज्ञासूंनी तो ग्रंथ ग्रंथालयात जरूर चाळावा; चित्रे पाहिली तरी पुरे.

आता आपल्या वसईकडे येऊ. किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावरचा पोर्तुगीज लेख पुष्कळांनी पाहिला असेल. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, या चर्चचा जीर्णोद्धार झाला, एवढेच तो सांगतो. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये तर जमिनीवर थडग्यांच्या शिळा पसरलेल्या आहेत. त्यांवरची अक्षरे रोमच्या प्राचीन शिलालेखांच्या घराण्यातली. अलंकरण जवळजवळ नाही. दगडावर जागा थोडी, मजकूर पुष्कळ, म्हणून शब्दांचे संक्षेप केलेले. पण अक्षराची उंची आणि दोन अक्षरांमधली मोकळीक सांभाळलेली. चार शतकांचा पाऊस सोसूनही त्यांतली कित्येक नावे आज लावता येतात. यात कारागिराच्या छिन्नीइतकेच श्रेय त्याच्या संयमाला आहे. सत्तेचा तो लेख आहे, आपल्या पूर्वजांच्या भाषेतला नाही, हेही विसरू नये. तरीही अक्षर म्हणून त्याला दाद द्यावीच लागते.

आपल्या भाषेतली शिळा मात्र उशिरा आली. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्यानंतर वेदीवर, कमानीवर, फलकांवर मराठी अक्षर मोकळेपणाने दिसू लागले. त्या काळच्या पाट्या गावच्या पेंटरने रंगविलेल्या असत. खडूने दोन रेघा मारायच्या, शिरोरेषा आधी ओढायची, मग एकेक अक्षर तिला लटकवायचे. हा माणूस कोणत्याही कलाशाळेत गेलेला नसे. त्याच्या ‘श’ला देठ असे, ‘ल’ला दोन पाकळ्या असत आणि ‘ळ’ डौलाने वेटोळा बसे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल हेच मराठीचे प्रमाण रूप ठरविले. आमच्या पेंटरला ते आधीच ठाऊक होते!

या पेंटरांच्या डोळ्यांसमोर ज्यांचा आदर्श होता, ते म्हणजे कमल शेडगे. १९३५ साली जन्मलेला आणि २०२० साली निवर्तलेला हा कलावंत मराठी घराघरांत रोज सकाळी येत असे आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसे. नाटकांच्या जाहिराती, मासिकांची शीर्षके, पुस्तकांची वेष्टने यांसाठी त्यांनी हातांनी अक्षरे घडविली. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे काळ्यापांढऱ्या रंगातली तीन बोटांची जागा, शेजारी दहा प्रतिस्पर्धी. तेवढ्या जागेत नाटकाची जात कळली पाहिजे. ऐतिहासिक नाटकाचे अक्षर वेगळे, फार्साचे वेगळे. ‘माझी अक्षरगाथा’ आणि ‘चित्राक्षरं’ ही त्यांची पुस्तके ज्याने पाहिली, त्याला हे लगेच पटेल. माझ्या मते त्यांचे मोठेपण एका गोष्टीत आहे. त्यांचा अलंकार अक्षराच्या आतून उगवतो. वेलांटी लांबवायची तर ती मुळात लांब होऊ शकणारी रेघ आहे म्हणून. काना वाकवायचा तर त्या शब्दाला वाकण्याचे कारण आहे म्हणून. अक्षराचा सांगाडा न मोडता त्याला बोलके करणे ही अवघड गोष्ट आहे.

त्याच शैलीचा एक धोकाही आहे आणि शेडग्यांच्या चाहत्यांनी रागावू नये. शब्दाने आपला अर्थ अभिनयाने दाखवावा, हे नाटकाच्या नावाला शोभते. अनुकरण करणाऱ्यांनी त्याची युक्ती करून टाकली. आग म्हटले की ज्वाळा, रक्त म्हटले की थेंब. हीच युक्ती आपल्या उपवासकाळाच्या फलकांवर उतरली आहे. ‘क्रूसाची वाट’ या शब्दांना काटे फुटतात, ‘पवित्र आत्मा’ या अक्षरांना सोनेरी ज्योत आणि मागे निळी सावली येते. वेदीजवळच्या शब्दाला अभिनय करण्याची गरज नसते. प्रार्थना म्हणणारा माणूस हातवारे करीत नाही, तसेच हे. इथे किल्ल्यातल्या त्या शिळेपासून शिकण्यासारखे अधिक आहे.

अलंकरण नकोच, असे माझे म्हणणे नाही. मध्ययुगातल्या मठवासीयांनी शुभवर्तमानाच्या हस्तलिखितांत पहिल्या अक्षराला अख्खे पान दिले, त्यात वेली, पक्षी, गाठी विणल्या. पण तो अलंकार एका अक्षरापुरता, आणि पुढचा मजकूर शांत. आमच्या फ्लेक्सवर प्रत्येक ओळ हे पहिले अक्षर असते. अक्षर म्हणजे जे क्षर होत नाही ते, ही व्युत्पत्ती आपण व्यासपीठावरून ऐकतो. फ्लेक्सवरचे अक्षर पहिल्या पावसाळ्यातच क्षर होते, ही एक कृपाच म्हणायची.

सौंदर्याचे राहू द्या, शुद्धतेचे पाहा. जुन्या सांकेतिक फॉन्टात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की जोडाक्षरे फुटतात. मी सणाच्या फलकावर ‘ख्रिस्त’ हा शब्द तीन तुकड्यांत पाहिला आहे, पाय मोडलेला ख, त्याच्यापासून सुटलेला रि आणि दूर पडलेला स्त. ‘किनाऱ्यावरील’ याचे ‘किनार्यावरील’ होते, कारण अर्ध्या र ची ती पापणी मराठीला लागते आणि घाईत तिची कोणाला आठवण राहत नाही. ॲग्नेस, ॲन्थनी अशी आपल्या घरातली नावे ज्या ‘ॲ’ने सुरू होतात, त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधी आणि नंतरही ते नाना रूपांत छापले गेले. यात आता यंत्राचा दोष उरलेला नाही. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फॉन्ट संगणकांत येऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा खास मराठी वळणाचा फॉन्ट सर्वांसाठी उपलब्ध करून दिला आहे. छापण्याआधी एकदा वाचून पाहणे, एवढेच काय ते उरते.

सर्वांत अधिक चिंता मला दफनभूमीची वाटते. जुन्या शिळा काढून काळ्या ग्रॅनाइटच्या चकचकीत फरश्या बसविण्याची चढाओढ आहे. यंत्राने कोरलेला मजकूर इंग्रजीच्या मापाने आखलेला असतो. दोन ओळींमधले अंतर तेवढेच. मग ‘कुटिन्हो’चा उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळतो, ‘रॉड्रिग्ज’ची चंद्रकोर वरच्या जन्मतारखेत शिरते. सोनेरी रंग दोन वर्षांत उडतो आणि उथळ कोरलेले नाव काळ्या चकाकीत दिसेनासे होते. याला कंटाळून काही कुटुंबे सरळ इंग्रजीत नाव घालतात. ज्या आजीने आयुष्यभर सामवेदीत संसार केला, मराठीत रोझरी म्हटली, तिचे नाव तिला स्वतःलाही वाचता आले नसते अशा लिपीत कोरले जाते. त्यांना दोष देणे सोपे आहे. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी अक्षर लावताना अडखळतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण अडखळणाऱ्या मुलाला स्वच्छ अक्षर हवे की अक्षरच नको? आजीचे नाव हे त्या मुलाने कदाचित आपणहोऊन वाचलेले पहिले मराठी नाव ठरले असते.

क्रूसावरचा लेख हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता, असे संत योहान नोंदवतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावा म्हणून. दोन लिपी एका शिळेवर नांदू शकतात. मात्र देवनागरीला तिची उंची द्यावी लागेल. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा मोकळी जागा सोडावी, जाड वळणाचे साधे अक्षर घ्यावे, खोल कोरावे, सावली आणि तिरके वळण टाळावे. शिळा घडविणाऱ्याकडे जाताना नाव कागदावर शुद्ध लिहून न्यावे आणि कोरण्याआधी आखणी पाहण्याचा आग्रह धरावा. याला एक पैसाही जास्त पडत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या शिक्षकांना एक सुचवितो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना जुन्या शिळांकडे न्यावे. शिळेवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिलीचे शिसे आडवे घासले, की खोलगट अक्षर पांढरे उमटते. शिरोरेषा आधी येते, मग तिला लटकलेले एकेक अक्षर. मुलांनी ते लावावे, वहीत उतरवून घ्यावे, घरी जाऊन हे नाव कोणाचे ते विचारावे. ज्या शिळा यंदा बदलायच्या ठरल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि हे काम पावसाआधी उरकावे.